खोक्यातले दोन सिग्नल

बाई, काल चौथीतल्या एका पोरीनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर तळवा आडवा धरला आणि मला तुम्ही आठवलात. मुलांना पडद्यावर दोन सिग्नल काढायला दिले होते. एक हिरवा असताना दुसरा हिरवा होता कामा नये, हे त्यांनीच यंत्राला शिकवायचं. हिचे दोन्ही हिरवे झालेले. मी जवळ गेले तसा तिनं हात घातला आणि भोळं तोंड करून वर बघितलं. मला हसूच आलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

तुम्ही शहरातल्या शुक्रवार पेठेतून रोज सकाळच्या पॅसेंजरनं आमच्या होटगीला शिकवायला यायचात. माझे वडील स्टेशनच्या केबिनमध्ये सिग्नलचे लिव्हर ओढायचे. एकदा तुम्ही अख्खा वर्ग तिथं घेऊन गेलात. वडिलांनी एक लिव्हर ओढला आणि तुम्हाला म्हणाले, आता शेजारचा ओढा बघू. तुम्ही पदर खोचून अक्षरशः लोंबकळलात, तो ढिम्म. खाली लोखंडी पट्ट्या एकमेकींना अडवतात, माणूस चुकला तरी दोन गाड्यांना एकदम वाट मिळत नाही, असं त्यांनी सांगितलं. परतताना तुम्ही शाळेच्या दारात म्हणालात, हे आपण वर्गात करायचं.

आणि केलं की! चहाच्या रिकाम्या खोक्यात दोन लाकडी पट्ट्या, मधे एक गुटका. एक पट्टी ओढली की तिचा सिग्नल पडायचा, म्हणजे गाडीला वाट मोकळी, आणि गुटका दुसरीच्या खाचेत शिरून तिला अडवायचा. यात महिनाभराचे टकळीवर सूत कातायचे तास गेले. सूत कुठाय, म्हणून हेडमास्तर रोज करवादायचे. तपासणीला साहेब येणार होते. शेरा वाईट पडला तर तुमची बदली थेट अकलूजकडं, आणि घरी तुमची आई अंथरुणाला खिळलेली. आम्हा पोरांना सगळं माहीत होतं. गावात काय झाकून राहतंय?

दुसऱ्या पट्टीची खाच मी कापली होती. तपासणीच्या सकाळी ओढून बघते तर दोन्ही सिग्नल पडले. खाच उथळ. तुम्हाला सांगणार, तेवढ्यात साहेब दारात.

साहेबांनी टकळ्या मागितल्या, तुम्ही खोकं पुढं केलंत आणि मला मागून धरायला सांगितलंत. असल्या खेळण्यातून पोरं काय शिकतात, असं त्यांनी विचारलं. तुम्ही एक पट्टी ओढून ठेवलीत आणि शांतपणे म्हणालात, दुसरी ओढून दाखवा, मग सांगते. दुसऱ्या पट्टीचं टोक मागं माझ्याकडं होतं, त्याला खिळा होता. खिळा आणि खोकं यांच्यात मी अंगठा घातला. साहेबांनी ओढलं. हलेना. बाह्या सारून पुन्हा ओढलं. हलेना. हेडमास्तरांना घाम फुटला, मला डोळ्यांपुढं काजवे दिसले, आणि साहेब चक्क हसले.

"लाकडाला अक्कल शिकवलीत की, बाई."

"लाकडाला नाही, साहेब. यंत्रासाठी विचार आधी माणसानं करून ठेवावा लागतो. त्याला दहा वर्षांचं वय पुरतं."

शेरा असा झकास पडला की हेडमास्तरांनी तो वर्गावर्गात वाचून दाखवला. बदली टळली. पोरं पट्टी ओढायला धावली, तर तुम्ही खोक्यावर कापड टाकलंत, उद्या म्हणालात, आणि ते माझ्याच हातात दिलंत, घरी न्यायला. संध्याकाळी वडिलांची कानस घेऊन मी खाच खोल केली. सकाळी तीसदा ओढून बघितली. कुणाचा अंगठा मधे नसतानाही पट्टी जागची हलली नाही! त्या सकाळी छाती जी फुगली, तशी पुढं कुठल्या पदवीनं फुगली नाही.

म्हणून तर हेडबाई झाल्यावर मी भांडले. कॉम्प्युटरची खोली हायस्कूलपुरतीच ठेवा, बारकी पोरं मोडतोड करतील, असं शाळा समितीतली मंडळी म्हणायची. मी म्हटलं, मोडू देत, मोडल्याशिवाय जोडायला कसं शिकणार? तीन बैठका तोंड वाजवलं आणि किल्ली घेऊनच उठले. काल त्या पोरीनं हात काढला, तासभर डोकं खाजवून आपली चूक आपणच शोधली, आणि एकच दिवा हिरवा झाल्यावर वर्गभर नाचत सुटली. तिच्याबरोबर मीही.

खोकं अजून माझ्या कपाटात आहे. हा कागद त्यातच ठेवीन. तुमच्याकडं आता कुठलं टपाल जातं? फक्त एक राहिलंय. खोकं माझ्या हातात देताना तुम्ही हळूच विचारलं होतंत, "अंगठा दुखतोय का गं?" मी म्हणाले होते, "न्हाय, बाई."

व्हय, बाई. लई दुखत हुता.