चंद्रापेक्षा तळं बरं

१९ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, "व्हॉलीबॉल विसर. उडी बंद." स्मॅश मारून खाली आली अन् पाय वाकडा पडला — गुडघ्यातला लिगामेंट अर्धा फाटला. मायनं डॉक्टरले हात जोडले. मी नाई जोडले. विसरणार नाई!

२२ एप्रिल
धनराज सर घरी आले, आमचे कोच. "पुनम, तू स्कोर लिहायले बस. तुझ्या जागेवर रूही खेळन." रूही माझी जिगरी, चिमूरची. सरांमागं मान खाली घालून उभी. म्हटलं, "सर, मी स्कोर लिहायले जन्मली नाई." माय ओरडली. ओरडू दे.

३ मे
खाटेवर पडून मोबाईलवर वाचलं — चंद्रावर वजन सहावा हिस्सा! इथी हातभर उडी, तर तिथी सहा हात. नेट ताडाएवढं उंच बांधा! बॉल सावकाश खाली येईन, लंगडत गेली तरी पोचन मी.
रूहीले फोन केला. ती म्हणे, "अन् माझी डुलती सर्व्हिस?" म्हटलं, तिथी हवाच नाई, बॉल डुलन कशानं? "मग मले नाई यायचं तुझ्या चंद्रावर!" किती दिवसांनी हसली मी.

५ मे
चंद्रानं धोका दिला! नीट विचार केला. ज्या जोरानं वर गेली, त्याच जोरानं खाली येईन. चंद्रावरही! खाली यायले वेळ लागन, पण पाय टेकला की झटका तोच. म्हणजे हा गुडघा तिथीही फाटला असता. दिवसभर मायवर उगाच भडकली.

३० मे
सूज उतरली. मायसंग तळ्यावर गेली. छातीभर पाण्यात उतरली — पाय कसा हलका! हळूच उडी मारली. पाण्यानं वर उचललं, खाली येताना झेललंही. झटकाच नाई! चंद्र गेला उडत!

२ जून
डॉक्टरले विचारलं. "पाण्यात मार उड्या, हळूहळू. जमिनीवर नाई." पहिल्यांदा हो म्हणाले.

१४ जून
रूही सायकलवर बॉल घेऊन आली. सलवार खोचून पाण्यात उतरली. ती बॉल उठवते, मी उडते. छपाक! काठावरून गावातल्या बायनाबाई ओरडल्या, "काऊन वं, लाज नाई का? तळ्यात नाचता?"
"नाचत नाई बाई, पाय बनवून राह्यलो."
"सांगते तुझ्या बापाले!"
"सांगा!"

१५ जून
बाईनं सांगितलं. बाबांनी झापलं. आज पुन्हा उतरलो.

१७ ऑगस्ट
तळं काठोकाठ. तरी गेलो.

२६ ऑक्टोबर
डॉक्टरनं गुडघा वाकवून, दाबून पाहिला. "खेळ. सांभाळून." थेट सरांकडं गेली. सर म्हणाले, "रूहीची जागा पक्की हाये." म्हटलं, "मले जागा नको सर. ट्रायल द्या."

९ नोव्हेंबर
चंद्रपूरले जिल्ह्याची ट्रायल. सरांनी माझंही नाव दिलं; जागा एकच, रूही का मी. कोरड्या जमिनीवर उडायची हिंमत झाली नाई. पहिला बॉल सोडला. मागून कोणी हसलं. दुसऱ्याले रूहीनंच बॉल उठवून दिला — "उड ना पागल!" उडली. स्मॅश मारला! गुडघा काही बोलला नाई.

११ नोव्हेंबर
निवड झाली. माझी — रूहीच्या जागेवर. तिचाच फोन आला. "अगं बोल ना! साऱ्या दुनियेसंग भांडते, आता चूप काऊन?" फोन धरून नुसती रडली मी. मग तीही.