जाळ्यांच्या खोलीतला रॉड

९ नोव्हेंबर, रवि.
बोईसरच्या जिमवाल्याने आज सरळच सांगितलं, "मॅडम, डेडलिफ्ट इथे नको. लाद्या फुटतात." शेजारी दोन पोरं तेच करत होती. फी न भरता परत आले. कॉलेजात पॉवरलिफ्टिंग करायचे तेव्हा तरी कुठे कुणी सरळ करू दिलं... जाऊ दे. घरीच करायचं. मागची जाळ्यांची खोली. कोबा आहे, टिकेल.

११ नोव्हें.
प्र. बोटीवरून आला. नवऱ्याला आधी जेवू घातलं, मग विषय काढला. "जाळी काय तुझ्या उशाला ठेवू?" हात धुताना, "अर्धी खोली घे. पण आईला तू सांग."
सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

१५ नोव्हें., शनि.
कंपनी सुटल्यावर भंगारवाल्याकडे. नवा रॉड परवडत नाही. त्याच्या माणसाने ढिगातून एक लांब दांडा ओढून काढला. "दीदी, मशीन का शाफ्ट है, मुड़ेगा नहीं।" मुठीत बरोबर बसला. प्लेटा मिळाल्या त्या कुठल्या कुठल्या जिमच्या, एकीला दुसरी जुळत नाही, आकडे पुसलेले. टेम्पोवाला सातपाटीला घर येईपर्यंत विचारत होता, बोटीचं सामान का? हो म्हटलं.

१६ नोव्हें.
आईंना कळलंच. मासळी तोलायचा काटा मागितला ना, प्लेटा तोलायला. काटा दिला. मग दारात उभ्या राहून, "पोर होत नाय म्हणून लोका आदीच बोलतात. आता लोखंड उचलतंय म्हणतील."
पालघरच्या डॉक्टरीणबाई आईंच्या समोरच म्हणाल्या होत्या, व्यायाम चांगला, काही बिघडत नाही. त्याची आठवण करून दिली नाही. जेवले नाही नीट.
तरी प्लेटा तोलल्या. एकसारख्या दिसणाऱ्या दोघींत जवळजवळ किलोचा फरक. खडूने लिहून ठेवलं.

२३ नोव्हें., रवि.
स्टँड झाले. रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट, त्यात पाइप उभे. मनोरला टायरवाल्याकडून जुन्या टायरचे पट्टे आणले, रॉड आपटला तरी घर हादरत नाही. बाकडं प्र.ने फळ्या ठोकून केलं. पहिल्यांदा रॉड खांद्यावर घेऊन स्क्वॉट. पाय थरथरले. छान वाटलं. किती वर्षांनी.

२ डिसें.
मूर्खपणा. प्र. समुद्रावर, मी एकटी, बाकड्यावर आडवी. शेवटच्या खेपेला रॉड वर गेलाच नाही. छातीवरच बसला. श्वास अर्धा. हाक मारली ती ओरडण्यासारखी नव्हतीच. आई चुलीवर वाल मांडत होत्या... ओले हात तसेच घेऊन आल्या. एक टोक दोन्ही हातांनी उचललं, मी खालून सरकले. प्लेटा घरंगळल्या.
वाटलं, आता सगळं बंद. त्या बाकड्यावर बसल्या, धापा टाकत. "एकटी असलीस का मना सांगायचा. मी हाय ना घरात."
छातीवर निळा वळ. कंपनीत दुपट्टा घेऊन गेले.

६ डिसें.
प्र.ने वळ पाहिला. संध्याकाळी बोटीचा जाड दोर आणला, तुळईला दोन फास बांधले, बाकड्यावर बरोबर छातीच्या वर थांबतील असे. आता रॉड पडला तर दोरावर. स्वतः लोंबकळून पाहिलं. "बोट धरतो हा दोर. तुला धरील."

२० डिसें., शनि.
उद्या पालघरला पॉवरलिफ्टिंगची जिल्ह्याची निवड चाचणी. नाव दिलंय. कॉलेजातलं वजन अजून उचललेलं नाही, पण जवळ आलेय. उद्या उचलायचंच.
सकाळी आई मासळीची पाटी भरत होत्या.
"हरलीस तं ह्या सगळा काढशील?"
"नाय."
"पोर झाला तरी?"
"तरी नाय."
डोक्यावरची चुंबळ नीट केली, वर पाटी घेतली. दारात थांबल्या. "उद्या खाऊन जा, उपाशी लोखंड नको उचलूस." बाजाराला गेल्या.