कळसूत्रला जड इंजिन

२ फेब्रुवारी, सकाळ
ठरलं. कळसूत्रला नवं ग्राफिक्स इंजिन जोडायचं. गेम बनवणारे वापरतात ते, भारीतलं. आपलं सॉफ्टवेअर कशासाठी? खरा रोबो बांधायच्या आधी तो स्क्रीनवर चालवून बघायला. फुकट, कोड सगळ्यांना खुला. पण रोबो दिसतो बिस्किटाच्या डब्यासारखा. जगात इज्जत कशी मिळणार?

४ फेब्रुवारी
दादरला मेघनाला भेटलो. कळसूत्र आम्ही दोघं सांभाळतो. म्हणजे मी, ती बग्ज काढते. पियूषचा ग्लास संपेपर्यंत तिचं नको-नकोच. म्हणे, आधी ते चाळीस जीबीचं इंजिन बसवावं लागेल, कॉलेजच्या पोरांचे लॅपटॉप जुने आहेत. रोबो भिंतीला आपटतो का एवढंच बघायचंय रे, भिंत देखणी कशाला? मी म्हटलं, रोबोला कॅमेरा असतो, त्याला जग खऱ्यासारखं दिसायला नको? मग म्हणाली, ऐच्छिक ठेव, हवं त्याने बसवावं.
ऐच्छिक म्हणजे भित्रेपणा. साफ सांगितलं.

१५ फेब्रुवारी
काय तो सीन! फरशी चमकते, फरशीत रोबोचं प्रतिबिंब! लॅपटॉप इतका तापला की आईने त्याच्या गरम हवेवर हातरुमाल वाळवले. तिला सीन दाखवला. म्हणाली, बरो दिसता रे, पण हलणा नाय. हलतोय, धीर धर म्हटलं. ती लालबाग मार्केटात जाऊन भाजी घेऊन आली, तोवर त्याने हात उचलला होता. अर्धा.

२० फेब्रुवारी
मेघनाचा लांबलचक मेसेज. शीवच्या कॉलेजात रामदास सरांच्या पोरांची प्रॅक्टिकल कळसूत्रवर आहे, तोवर तरी थांब.
थांबणारे इतिहास घडवत नाहीत. जुनी ग्राफिक्स उडवली, रिलीज केलं. मस्त वाटलं.

२६ फेब्रुवारी
सरांचा फोन. लॅबमधल्या एकाही मशीनवर उघडत नाही, पोरं रडकुंडीला आलीत. मी म्हटलं, सर, लॅब अपग्रेड करा. सर म्हणाले, उन्मेष, तूही याच लॅबमध्ये शिकलास ना रे?
रात्री जेवण गेलं नाही. दुपारची उसळ जड झाली असणार.

२ मार्च
फितुरी! मेघनाने जुना कोड घेऊन वेगळी चूल मांडली. नाव काय, तर ‘हलकं कळसूत्र’. काही बोलताही येत नाही. कोड खुला ठेवायची हौस माझीच. सरांची पोरं तिकडे गेली. जाऊ देत. टिकतील ते माझे.

९ मार्च
एकाचा मेसेज आला! लगेच उघडला. विचारतो, हे काढून कसं टाकायचं?

१४ मार्च
मेघनाचा मेसेज. पोरांची प्रॅक्टिकल झाली, सगळे पास. रोबो भिंतीला आपटल्यावर थांबतो तो तुझा कोड एकदम झकास चालला, म्हणे.
उत्तर दिलं नाही. पुन्हा पुन्हा वाचला, एवढंच.

२० मार्च, दुपार
लॅपटॉप बंद पडला. आतलं काहीतरी जळलं. मावसभावाचा जुना आणला. त्यावर माझं कळसूत्र बसेना, म्हणून हलकं टाकलं. निव्वळ शत्रूचा अभ्यास म्हणून. आईने चहा गाळला तोवर चालूसुद्धा झालं.
एक चूक सापडली: रोबोचा पाय किंचित जमिनीत रुततो. दुरुस्त करून पाठवली. शिकू दे मेघनाला.
लगेच आपोआप उत्तर आलं: ‘हलकं कळसूत्रमधला हा तुमचा पहिलाच बदल! मनापासून स्वागत. नवशिक्यांसाठी सोपी कामं इथे दिली आहेत.’
नवशिक्या! मी!
त्यातलं एक उघडून बघितलं. तितकंसं सोपं नाहीये.