एक कडवं जास्त

आठवा महिना, पौर्णिमेनंतरचा दिवस
लू राज्याची अतिथिशाळा

प्रिय शूयी,

आईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्यांसाठी सुकं आलं पाठवतो आहे. इथे नदीवरचं धुकं दुपारपर्यंत उठत नाही. झाडं पाण्यावर तरंगल्यासारखी दिसतात. मीही तसाच आहे.

ज्यासाठी आलो ते काम झालं. पुरानंतर आपल्या त्सौ राज्यात धान्य उरलेलं नाही, हे तुला माहीतच आहे. पण मेजवानीत तोंड उघडून मागणं असभ्य. गाण्याचं एक कडवं म्हणायचं, त्यावरून यजमान हेतू ओळखतो. मी बदकाच्या पिल्लाचं निवडलं: 'पिल्लू राहिलं पैलतीरी, सांज झाली, नाववाल्या ऊठ.' पिल्लू म्हणजे आपलं राज्य, नाववाला म्हणजे लू. तिथंच थांबायचं होतं.

मी दुसरंही म्हटलं. 'ऐलतीरी आई उभी, बाही ओली.' रडू फुटलं.

लूच्या वृद्ध मंत्र्यांनी वाडगा खाली ठेवला. "तुमच्या राजमाता इतक्या काळजीत आहेत?"

मी बाहीनं डोळे पुसले. ते म्हणाले, "उद्याच नावा भरा."

बाहेर आल्यावर फान दे हा माझा सोबती म्हणाला, "दारू यायच्या आधी रडलास म्हणून बरं, लेका. नंतर रडला असतास तर कोण ऐकणार होतं?"

भावनेनं हेतूची वाट धरावी, काठ फोडू नये, असं पाठशाळेत शिकलो. मग आपलं दुःख मी राज्याच्या कामी लावलं, की राज्याच्या कामाआड लपून रडून घेतलं? ठरवता येत नाही. धुक्यात कुणीतरी तेच गाणं बोबडं म्हणतं आहे असं वाटत राहतं.

आठ वर्षांच्या आतल्या मुलासाठी शोकवस्त्रं नाहीत, असा नियम. आपली मिंग गेली तेव्हा सहा वर्षांची होती. मी दुसऱ्या दिवशी दरबारात गेलो, तू माहेरी गेलीस. तू हे गाणं म्हणायला लागलीस की ती पहिल्या कडव्यातच झोपायची. दुसरं मला पाठ आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

आज सकाळी मंत्र्यांना खरं सांगून टाकलं. ते नदीकडे वळून म्हणाले, "म्हणजे आई खरीच आहे ना? मग नावा जाऊ द्या."

नावा तुझ्या गावच्या घाटावरून जातील. शेवटच्या नावेत मी असेन. तू घाटावर दिसलीस तर उतरेन.

तुझा, तू म्हणशील तर;
मिंगचा बाप, कायमचा,
शेन वू