काचपेटीतलं पाणी

नवीन जालना
२० नोव्हेंबर २०२४

ती. गं. भा. दैवशालावहिनींस भुजंगचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदा पत्र लिहून राह्यलो. दादाची किडेखाऊ झाडं दुकानात ठेवल्यापासून बियाणं न्यायला आलेला माणूस आधी काचपेटीपाशी थांबतो. पेपरात फोटोही आला. २५ जानेवारीला इथल्या कृषी प्रदर्शनात पेटी मांडायला बोलावणं आहे.

अडचण एवढीच, की पानं काळी पडून राह्यलीत. रोज बोअरचं ताजं पाणी घालतो, आठवड्याला विद्राव्य खत देतो, कशाला कमी पडू दिलं न्हाई. दादा अजून काय घालायचे? त्यांनी कुठं लिहून ठेवलं असेल तर कुणाकडून वाचून घ्या आणि जल्दी कळवा.

दादा गेले तरी तुमचा लोभ आमच्यावर तसाच राहू द्या.

आपला,
भुजंग

*

पिंपळगाव रेणुकाई
२७ नोव्हेंबर २०२४

चि. भुजंगभाऊजींना दैवशालाचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. कुणाकडून वाचून घ्यावं लागलं नाही. तुमचे दादा शाळेच्या वह्या तपासायचे तेव्हा समोर बसून मी अक्षरं शिकले. आता त्यांच्या कपाटातली पुस्तकं संपत आलीत.

पेपरातली बातमीही वाचली, दोनदा. बियाणे विक्रेते भुजंगराव यांनी सहा वर्षे जोपासलेला आगळा छंद, असं छापलंय. त्या सहा वर्षांत तुम्ही झाडं चारदा पाहिलीत आणि चारही वेळा विचारलंत, यांना मटण कधी घालता. दादांचं नाव शेवटच्या ओळीपर्यंत शोधलं. नाही.

फोन यासाठी उचलत नाही, की बोललेलं तुम्ही फिरवता. चौदाव्याचं जेवण झालं तेव्हा म्हणालात, चार दिवस पेटी नेतो, वहिनीला काय कळतंय त्यातलं. चार दिवसांचे तीन महिने झाले.

वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची. तुम्हाला किराण्याची वाटली म्हणून राहिली. तीत पाण्याचं लिहिलंय, खताचंही लिहिलंय. झाडं कल्याण मास्तरांची आहेत असं त्याच पेपरात तेवढ्याच जागेत छापून आणा, त्याच दिवशी पान पाठवते. तोवर मला काय कळतंय.

आणि पत्राच्या माथ्यावर गं. भा. लिहू नका. मी विधवा आहे हे मला पाठ आहे.

लोभ सध्या वहीत मिटून ठेवला आहे.

दैवशाला

*

नवीन जालना
१६ डिसेंबर २०२४

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार.

दादा ज्याला जबडा म्हणायचे, ते माशी पकडणारं झाड परवा गेलं. मुळं काळी निघाली. बाकीच्यांना खत वाढवलंय.

आता उलटं छापलं तर बाजारात लोक हसतील. प्रदर्शनाचे फलकही माझ्या नावानं तयार झालेत. प्रदर्शन होऊ द्या, मंग मी स्वतः चार लोकांत सांगतो, दादाची शपथ. वहीतलं तेवढं कळवा. हात जोडतो.

राग धरा, पण लोभ तोडू नका.

भुजंग

*

पिंपळगाव रेणुकाई
२१ डिसेंबर २०२४

भाऊजी, आशीर्वाद.

तुम्ही प्रदर्शनानंतर सांगणार, तर मीही प्रदर्शनानंतर सांगेन. लोभाचंही तेव्हाच बघू.

दैवशाला

*

पिंपळगाव रेणुकाई
२८ जानेवारी २०२५

भुजंगभाऊजींस,

प्रदर्शनात तुम्ही वाळलेल्या पेटीशेजारी उभे होता. समोरच्या टेबलावर माझ्या लोणच्याच्या बरणीतली रोपं पाहून विचारलंत, वहिनी, हे कुठून आणलं. तेव्हा बोलले नाही, आता लिहिते.

पेटी नेलीत त्या दिवशी तुम्ही टेम्पो बघायला गेल्ता, तेवढ्यात मी दवबिंदूचं एक पान खुडलं. तेच, ज्याच्या केसांवर चिकट थेंब असतात. ओल्या शेवाळावर आडवं ठेवलं, त्याची चार रोपं झाली. पत्र्यावरून ड्रममध्ये साठवलेलं पावसाचं पाणी घातलं, दुसरं काही नाही. वहीच्या पहिल्याच पानावर दादांनी लिहिलंय: बोअरचं पाणी यांना विष, खत त्याहून वाईट, अन्न ती स्वतः धरतात.

तुम्ही रोज विष घालताय हे मला तुमच्या पहिल्याच पत्रात कळलं होतं. एक ओळ लिहिली असती तर जबडा जगला असता. दादांनी तो बीपासून वाढवला होता. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात मला ओळखत नव्हते, पण त्याचं पाणी बदललं का ते विचारायचे. तरी ती ओळ मी लिहिली नाही. हे माझ्याकडे राहील. त्यात तुम्हाला वाटा देणार नाही.

भोकरदनच्या एका म्हाताऱ्यांनी चष्मा विसरलाय म्हणून बरणीपुढची चिठ्ठी तुम्हालाच वाचायला लावली. अक्षर माझं होतं. तुम्ही आधी हळू वाचलंत, त्यांना ऐकू गेलं नाही, मग मोठ्यानं वाचलंत: कल्याण मास्तर, पिंपळगाव रेणुकाई. चार लोकांत सांगणार होता, चाळीस तरी होते.

पेटी परत पाठवू नका. धुऊन दुकानात तशीच रिकामी ठेवा. गिऱ्हाईक विचारील, यात काय होतं. तेव्हा तुम्ही काय सांगता ते ऐकायला मी अधूनमधून येत जाईन.

आशीर्वाद या खेपेला लिहीत नाही.

दैवशाला कल्याण