लग्नाच्या आठवड्यापुरती

॥ श्री ॥

चामराजपेट, बेंगळूर
१५ नोव्हेंबर १९६१

चि. वसूस अक्काचे अनेक आशीर्वाद.

दिवाळी नीट पार पडली. आपल्या पोरीचं, प्रेमाचं लग्न ठरल्याचं यांच्या पत्रातून तुला कळलंच असेल. मुलगा विद्याधर, इंजिनियर आहे, बोलायला शांत आहे म्हणतात. मुहूर्त मार्गशीर्षातला.

माझी तब्येत बरी. अर्धांगवायूनं गेलेला डावा पाय आता उचलतो, काठीही सुटली. दिसते छान, सगळे म्हणतात. पण अर्धे केस विंचरले की आडवं व्हावं लागतं, आणि झोपून उठलं तरी थकवा तसाच. शेजारच्या राजलक्ष्मीअम्मा म्हणतात, "स्वल्प हिंडत जा, आळस जाईल." आळस! वसू, मी कधी आळशी होते का ग?

इथवर लिहून निजले होते. आता पुन्हा बसले आहे.

मुलाकडची माणसं दिवाळीआधी येऊन गेली. मी विद्याधरला पाहिलं नाही, म्हणून वर 'म्हणतात' असं लिहिलं. मी मागच्या खोलीत होते. हे म्हणाले, "तू पडून राहा, दमशील." बाहेरून कडी प्रेमानं घातली.

हसण्याचं तुला कुणी सांगितलं नसेल. अर्धांगवायूपासून मला कधीही हसू येतं. आत हसण्यासारखं काही नसतं, तरी हसते आणि थांबवता येत नाही. कधी तसंच रडू. हयवदनभावोजी त्यांचे सासरे गेल्याचं सांगत होते, तेव्हा मी खदखदून हसले. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

तर त्या दिवशी मुलाच्या आईनं विचारलं, "विहीणबाई दिसत नाहीत?" आणि हे म्हणाले, "धारवाडला गेली आहे, बहिणीकडे." भिंतीपलीकडे बसून मी ते ऐकलं आणि हसू आलं. पदराचा बोळा तोंडात कोंबला. कुणाला ऐकू गेलं नाही.

ती माणसं गेल्यावर प्रेमानं दार उघडलं. मला तिला जवळ घ्यायचं होतं. पण तोंडातून निघालं, "कार्टे, आईला कोंडतेस?" आणि हाताशी असलेला तांब्या मी भिरकावला. तिच्या गालाला लागला. माझा आवाज कधी शेजारी ऐकू गेला नव्हता, वसू. ही कोण बाई माझ्या तोंडून ओरडते, मला कळत नाही.

ती रडली नाही. तांब्या जागेवर ठेवला आणि म्हणाली, "आई, मला भीती वाटते. मांडवात तू हसलीस तर?"

"नाही हसणार," मी म्हणाले. ते माझ्या हातात नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

आता यांनी ठरवलंय, लग्नाच्या आठवड्यापुरतं मला तुझ्याकडे पाठवायचं. तू आजारी आहेस, म्हणून मी तुझ्यापाशी राहिले, असं सांगणार. कन्यादान भावोजी आणि जाऊबाई करतील. हे वाईट नाहीत ग. माझी वेणीसुद्धा तेच घालतात. म्हणून तर मला भांडताही येत नाही. काल म्हणाले, "पोरीचं एकदा पार पडू दे, अनू." मी मान डोलावून "सरी" म्हटलं.

यांच्या पत्राला तू अजून उत्तर दिलं नसशील, तर माझं ऐक. जागा नाही म्हणून कळव. घरात गोवर आहे म्हण, काहीही म्हण, पण मला घेऊ नकोस. आणि लग्नाला तू स्वतः ये. तुला धडधाकट पाहिल्यावर ती थाप कुणाला मारता येणार नाही. मांडवात माझ्याशेजारी बस. हसू आलं तर माझा हात धर. थांबणार नाही ते, तरी धर.

पाठवणीच्या वेळी मी रडले, तर कुणी काही म्हणणार नाही.

तुझ्याकडे यायला एरवी आसुसलेली, या वेळी मात्र दार लावून घे म्हणणारी,
तुझी अक्का
अनसूया