भुकेला कोळसा

इशिझावा, तोचिगी
८ मार्च

ति. तोकुजीमामांस,
मिनोरीचा सा. न. वि. वि.

तर फोन कट झाला तेव्हा मी सांगत होते ते हे, की आजीने शेवटी मला शेतातला एक पट्टा दिला. ओढ्याकडचा, चिकण मातीचा. पाऊस थांबला तरी आठवडाभर पाणी हटत नाही, तो. बाकी सगळ्या शेतात ती यंदा कुट्टू पेरतेय, सोबाच्या शेवयांचं ते धान्य. एक्क्याऐंशीची झाली, आता धाग्याच्या भांगेचं पीक झेपत नाही म्हणते. वर्षअखेरीला भांग लावायचा परवाना सरकारला परत करणार. मी म्हटलं मला शिकव, तर म्हणाली, या हंगामात देवळाच्या दोराला चालेल असा धागा काढून दाखव, मग परवान्यावर तुझं नाव लावू. नाही निघाला तर त्या पट्ट्यातही कुट्टू.

मामा, गावात भांग लावणारं आता आमचं एकच घर उरलंय. नवीन वर्षाला देवळाच्या दारावर चढतो तो दोर आमच्याच धाग्याचा होतो. म्हणजे बघा.

आता तुमचं काम. मी बरंच वाचलं. बांबूचा कोळसा मातीत मिसळला की पाण्याला वाट मिळते, मुळांना हवा मिळते. मुळं सडली नाहीत तर झाड सरळ वाढतं, आणि झाड सरळ तर धागा सरळ. तुमच्या भट्टीतल्या आठ गोण्या पाठवाल का? आजीला सांगितलं तर म्हणाली, सुनेच्या माहेरून काळं काही यायचं राहिलं होतं, तेही येऊ दे.

गेल्या वर्षीची गंमत सांगायची राहिली. टोकियोची दोन मुलं कुंपणापाशी घुटमळत होती. आजीने त्यांना बसवून चहा पाजला आणि सांगितलं, ही धाग्याची भांग, हिला नशा नाही, पानं खाल्लीत तर फक्त पोट धरून बसाल. चहा अर्धा टाकून गेली बिचारी.

मामींना नमस्कार. भट्टी गरम आणि भाचीवरचा जीव तसाच, एवढंच मागणं.
तुमची मिनोरी


कागोशिमा
१७ मार्च

चि. मिनोरीस,
अ. उ. आ.

गोण्या ट्रकने निघाल्या. आठ मागितल्यास, नऊ आहेत. नववी विहीणबाईंच्या चपलांच्या कपाटासाठी, वास शोषून घेते. त्यांना सांग, माहेरचं काळं कामालाही येतं.

आता नीट वाच. तू पत्र अर्धं वाचतेस आणि पळतेस, आईसारखी. कोळसा सोयाबीनच्या दाण्याएवढा फोड. मग शेजारच्या गोठ्यातलं गोमूत्र आणि शेणाचं पाणी मोठ्या पिंपात भर आणि दोन आठवडे त्यात बुडवून ठेव. हे चुकवायचं नाही. ताजा कोळसा भुकेला असतो. आमच्याकडे सगळे संत्र्यांच्या बागेत असंच करतात. नाक दाबून कर, पण कर.

मामी म्हणते, मुलीने शेती करायची तर आधी जेवायला शिकावं. ती वाळवलेला मासा पाठवतेय.

खुशाली कळवत जा, नाहीतर इथे आमच्याच जिवाचा कोळसा.
तुझा मामा


इशिझावा
१६ मे

ति. मामांस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, कारण लिहायला तोंड नव्हतं. ५ एप्रिलला पेरलं. अर्ध्या पट्ट्यात कोळसा, अर्धा तसाच, म्हणजे फरक दिसेल. फरक दिसतोय. साधी भांग माझ्या कमरेला आली. कोळशातली गुडघ्याला, आणि पिवळी. कावीळ झाल्यासारखी.

मामा, खरं सांगते. मी तो गोमूत्रात भिजवला नाही. पत्र पूर्ण वाचलं होतं, दोनदा. पण हा धागा देवळात जाणार, देवाच्या दारावर चढणार. त्याच्या मुळाशी मी मूत कसं घालू? म्हणून डोक्याला पांढरा टॉवेल बांधून मी सगळा कोळसा वरच्या झऱ्यावर नेला आणि तीन वेळा स्वच्छ धुतला. तीन दिवस लागले. एवढा चकचकीत केला होता की फोटो काढून ठेवलाय. आजी बांधावर बसून बघत होती. एक शब्द बोलली नाही.

आता रोज सकाळी ती पट्ट्यापर्यंत येते, पिवळ्याकडे बघते, हिरव्याकडे बघते आणि घरी जाऊन लोणच्याचे मुळे चिरते. कुट्टूचं बी कोपऱ्यात आणून ठेवलंय. मी ते बघितलंय हेही तिने बघितलंय.

सगळं उपटून पुन्हा पेरायला उशीर झालाय का? रागवा, पण लवकर रागवा.
तुमची, तोंड लपवून, मिनोरी


कागोशिमा
२१ मे

चि. मिनोरीस,
अ. उ. आ.

रागावणार होतो, पण मामीला पत्र वाचून दाखवताना झऱ्यापाशी आलो आणि हसू आवरेना. चाळीस वर्षं कोळसा पाडतोय, त्याला आंघोळ घालणारी तू पहिली.

उपटू नकोस. झालंय काय, तर भुकेला पाहुणा पंगतीत पोरांच्या आधी बसलाय. मातीतलं जे काही झाडाला मिळायचं, ते आधी तो गिळतोय. त्याचं पोट भरलं की तो ओरपायचा थांबेल, आणि मग हळूहळू झाडालाच परत वाढायला लागेल. तेव्हा त्याला जेवू घाल. गोमूत्रात दहापट पाणी घाल, संध्याकाळी, ओळींच्या मधे, पानांवर नाही. दर चार दिवसांनी.

आणि एक काम कर. त्या शेतात साठ वर्षं देवळाचा धागा निघतोय. विहीणबाईंना विचार, त्यांच्या सासूबाई त्यात काय घालायच्या. माझा अंदाज आहे, पण मी व्याही, मी बोलणार नाही.

पोरी, चुकलीस ते मन लावून चुकलीस. त्याला आमचा आशीर्वाद आहेच.
तुझा मामा


इशिझावा
२ सप्टेंबर

ति. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हातात घेऊन आजीकडे गेले, तर ती घरात नव्हती. पट्ट्यात होती. पाठीला काटकोन, हातात डबा, आणि वास असा की मी लांबच थांबले. तांदळाचा कोंडा आणि माशांची डोकी कुजवून केलेलं पाणी. मी शहरात बियाण्यांच्या दुकानात कामाला जायचे त्या वेळात दहा दिवस घालत होती, गुपचूप. तुम्ही सांगितलेलं विचारलं. तर तिच्या सासूबाई काय घालायच्या माहितीये? घरचा संडास. शिवाय अख्ख्या आळीचा. मी म्हटलं, मग धुताना बोलली का नाहीस? ती म्हणाली, “तू इतक्या भक्तीने धूत होतीस, तुझं मन मोडवेना. पण ऐक, देवाला वास येत नाही. आपल्यालाच येतो.”

मग आम्ही दोघी घालत गेलो, ती तिचं, मी तुमचं. महिन्याभरात पिवळं गेलं. जूनअखेर तो मोठा पाऊस झाला, सहा दिवस. साध्या अर्ध्यात पाणी तुंबलं, मुळं सडली, उंच झाडं एकमेकांवर आडवी झाली. कोळशातली बुटकी मात्र सरळ उभी. मी छत्री घेऊन नुसती बघत बसले होते.

कापणी झाली, उकळत्या पाण्यातून काढली, वाळवली, भिजवली, सोलली. आडव्या झालेल्यांचा धागा लांब, पण डागाळलेला. कोळशातल्यांचा फिकट सोनेरी. आजीने तो उजेडात धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. पुजारी इनुझुका आले, तळव्यावरून धागा ओढला, वर हात करून उंची मोजली. वीतभर कमी. मोठ्या दाराला नाही चालणार म्हणाले. माझं तोंड पडलं. मग म्हणाले, झऱ्यावरच्या छोट्या देवळाला हा पुरेल, तिथला दोर दोन वर्षं बदललेला नाही. मामा, तोच झरा!

मोठ्या दाराला यंदा आजीने मागे ठेवलेला जुना धागा जाईल. पण देवळाचा दोर तो देवळाचा दोर, असं तीच म्हणाली. काल परवान्याच्या अर्जावर तिने शिक्का मारला, खाली माझं नाव. कुट्टूचं बी शेजारी देऊन टाकलं. सोललेल्या काड्या ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला, गेलेल्या आजोबांच्या स्वागताला दारात पेटवल्या, एकदम छान जळल्या. राहिलेल्या तुम्हाला पाठवतेय, त्याचा कोळसा कसा होतो बघा. आणि तुमची नववी गोणी कपाटातच आहे, आजी कुणाला हात लावू देत नाही.

आता एकच अडलंय. इथे दोर बांधताना पिकवणाऱ्याने देवाला मोठ्याने सांगायचं असतं, हा कसा पिकवला ते. आजी म्हणते, डब्यासकट सगळं सांग. पुजारी म्हणतात, थोडक्यात आटप. मामींसकट दोघांनी विचार करून कळवा, आणि माझ्यावर हसत राहा, तेवढ्याने माझं भागतं.

गोमूत्राचं सांगू, की माशांच्या डोक्यांपाशी थांबू? तुम्हाला काय वाटतं?
तुमची मिनोरी